पॅरलल, कंटूर की स्कॅलप? फिनिशिंगचा टूलपाथ निवडताना

सीएनसी मशीनवर कर्व्ह सरफेस फिनिशिंगला (शेवटच्या गुळगुळीत कटाला) घेतला की कॅममध्ये, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टूलपाथची (टूल फिरण्याच्या वाटेची) आठ-दहा नावं समोर येतात आणि आपण सवयीने पॅरलल दाबून मोकळे होतो, मीही बरीच वर्षं तेच केलं. पण नावाच्या आधी सरफेसचा उतार बघा, अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

पॅरलल म्हणजे वरून बघितलं तर समान अंतरावरच्या सरळ रेघा. सपाट किंवा हलक्या उतारावर याच्याइतकं सोपं काही नाही, कॅल्क्युलेशन पटकन होतं आणि मशीन सलग पळतं. गडबड होते ती रेघांच्या आडव्या दिशेला भिंत चढायला लागली की, कारण स्टेपओव्हर (शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर) वरून मोजलेला असतो, तो 60 अंशांच्या उतारावर प्रत्यक्षात दुप्पट पडतो आणि अंतर दुप्पट झालं की मधे उरणारी कड चौपट. हिशोब साधा आहे, कडेची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले टूलच्या त्रिज्येची आठपट. 10 मिमी व्यासाचा बॉल नोज (अर्धगोल टोकाचं टूल) आणि 0.3 मिमी स्टेपओव्हर धरला तर सपाटीवर कड साधारण 2 मायक्रॉन, त्या भिंतीवर 9. म्हणजे एकाच जॉबचा अर्धा भाग चकचकीत आणि अर्धा नांगरल्यासारखा!

कंटूर (कुठे वॉटरलाइन म्हणतात, कुठे कॉन्स्टंट झेड) याच्या बरोब्बर उलटा, टूल एका उंचीवर आकाराभोवती फिरतं आणि मग ठरावीक अंतर खाली उतरतं. उभ्या भिंतीला हाच लावायचा, पण सपाटी जवळ आली की रेघा लांब लांब जातात आणि पायऱ्या दिसायला लागतात. दोघांचं गणित 45 अंशांना सारखं होतं, म्हणून उतार वाटून द्यायचा तर तिथंच आसपास वाटा आणि थोडा ओव्हरलॅप ठेवा, नाहीतर जोडाची रेघ पॉलिशवाल्याच्या नशिबी.

मग स्कॅलपच का नको, तो तर अंतर सरफेसवरच मोजतो? फ्री फॉर्म आकाराला खरंच छान आहे. पण तो बाउंड्रीपासून आत आत सरकत जातो, त्यामुळे बाउंड्रीला टोकदार कोपरे असले की वळणं एका तिरक्या ओळीत येतात, मशीन तिथे दरवेळी हळू होतं आणि ती ओळ उजेडात धरली की दिसते. शिवाय कॅल्क्युलेशनला वेळ खातो. रेडियल (केंद्रातून बाहेर जाणाऱ्या रेघा) आणि स्पायरल (गोल गोल फिरत जाणारी रेघ) गोल जॉबलाच, बाकी नादी लागू नका.

एक गोष्ट कुठल्याही पाथने सुटत नाही. बॉल नोजचं टोक कापत नाही, घासतं. 10 मिमीचं टूल सपाटीवर 0.2 मिमी खोल चाललं तर कापणारा व्यास जेमतेम 2.8 मिमी, म्हणून आरपीएम त्यावरून काढा आणि एकदम सपाट भाग असेल तर तो बुल नोजला (सपाट तळाचं, गोलसर कडांचं टूल) देऊन टाका.

टॉलरन्सही, म्हणजे टूलपाथ खऱ्या सरफेसपासून किती हटू शकतो तेही बघा. 0.01 मिमीवर ठेवून 2 मायक्रॉनची कड मागण्यात काय अर्थ, पैलू दिसणारच. पण फार कमी केला तर पॉइंट इतके वाढतात की जुना कंट्रोलर अडखळत चालतो.

पेन्सिल पाथ (फक्त आतल्या कोपऱ्यांच्या रेघेवरून जाणारा) मी फिनिशच्या आधी फिरवतो, कोपऱ्यात उरलेला माल निघून जातो आणि बॉल नोज तिथे दणका खात नाही.