अर्ध्या रेटचे डायमंड: फ्री फायर खेळणाऱ्या पोरांनो, हे वाचून मगच पैसे टाका

फ्री फायर मॅक्स हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम नवीन नवीन सुरू केलेल्या पोरांसाठी लिहून रायलो, खास करून आपल्या दारव्हा-दिग्रस-आर्णीकडच्या, कारण मले ज्यानं चुना लावला त्याच्या चॅनलवर अर्धी पोरं आपल्याच भागातली होती अन् तो बोलायचा पण आपल्यासारखाच. "काय भाऊ, जेवण झालं का" इथून सुरुवात. बाहेरचा वाटलाच नाई कधी.

आधी डायमंडचं सांगतो, ज्यांले माहीत आहे त्यांनी पुढं जा. गेममध्ये दोन पैसे असतात, गोल्ड अन् डायमंड. गोल्ड खेळून भेटते, डायमंड विकत घ्यावे लागतात. १०० डायमंडले ८० रुपये, ५२० ले ४०० अन् २१८० ले १६००, असा साधारण रेट मी घेतला तेव्हा होता. आता या गेमची गंमत अशी आहे की बाकी काही गेममध्ये बंदुकीची स्किन म्हणजे नुसता रंग, पण इथं स्किनले प्रॉपर्टी असते, कोणात डॅमेज वाढते, कोणात फायर रेट, कोणात रेंज. म्हणून नवीन पोरगा दोन-चार मॅच मार खाल्ला की त्याले वाटते की समोरच्याजवळ पैसा आहे म्हणून तो मारते, आपणही टाकू. फसवणारे नेमकं इथंच बसून असतात.

मीपण खरीप आटोपल्यावर हातात फवारणीची मजुरी होती तेव्हाच यात गेलो. इन्स्टावर एक रील आली, "अर्ध्या रेटमध्ये डायमंड, विश्वास नसेल त पहिले छोटं घेऊन पाहा", खाली चॅनलची लिंक. चॅनलवर नुसते स्क्रीनशॉट. "भाऊ आले", "भाऊ लय फास्ट", "दुसऱ्यांदा घेतलं भाऊपासून". मी मेसेज टाकला, त्यानं यूआयडी मागितली, ४० रुपये घेतले अन् पाच मिनिटात १०० डायमंड माझ्या आयडीत आले. खरोखर आले. गेम बंद करून परत उघडला, तरी होते.

हे कसं होते ते नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ याच्यातच आहे. डायमंड टाकायले फक्त यूआयडी लागते, म्हणजे प्रोफाइलवर जो आकडा दिसते तो. पासवर्ड नाई, ओटीपी नाई, फेसबुक नाई. अधिकृत टॉप-अपच्या साइटवर कोणीही कोणाच्याही यूआयडीवर स्वतःचे पैसे भरून डायमंड टाकू शकते. म्हणजे त्या भामट्यानं माझ्यापासून ४० घेतले, स्वतःचे ४० वरून टाकले अन् ८० चा माल मले दिला. गळाले लावलेलं गांडूळ होतं ते, ४० रुपयाचं. अन् काही जण तेवढंही स्वतःचं टाकत नाईत, चोरीच्या कार्डावरून भरतात, मंग कार्डवाल्यानं बँकेत तक्रार करून पैसे वापस घेतले की गोत्यात येते ती डायमंड घेणाऱ्याची आयडी.

दुसऱ्यांदा मी २१८० वाले मागितले, ८०० रुपयात. पैसे गेले अन् डायमंड काही येईना. तो म्हणे, "भाऊ सर्व्हर हँग हाये, थांबा जरा." थांबलो. मंग म्हणे, "मोठ्या पॅकवर जीएसटी लागते, १६०० वर १८ टक्के, २८८ रुपये. ते टाका, डायमंड आले की तुमचे २८८ वापस." आता पाहा, आकडा कसा बरोबर काढला, २८८. गोल ३०० म्हणाला असता त कदाचित मले शंका आली असती. अन् टॅक्स त गेममध्ये जो भाव दिसते त्याच्यातच पकडलेला असते, वेगळा कोणी मागतच नाई. त्याच वेळेस ग्रुपवर दुसरा एक "ग्राहक" लिहून रायला की मलेपण जीएसटी लागली होती, टाकल्यावर दोन मिनिटात आले. तो ग्राहक पण त्याचाच माणूस, किंवा तो स्वतःच, दुसऱ्या नंबरावरून.

२८८ गेले. मंग आलं खरं दुखणं. "भाऊ तुमच्या आयडीवर लिमिट दाखवून रायली, मले लॉगिन करून हातानं टाकावं लागन, फेसबुकचा पासवर्ड द्या, झालं की बदलून घ्या." तोपर्यंत १०८८ अडकले होते अन् तो दर दोन मिनिटाले "भाऊ लवकर, स्लॉट जाते" करत होता. माझी गेमची आयडी फेसबुकवरूनच उघडायची. पासवर्ड गेला, मागोमाग ओटीपी गेला, अन् मी इकडं लॉगिन करून पाहतो त फेसबुकच उघडत नाई. मोबाइल नंबर बदलला, ईमेल बदलला, आयडी त्याच्या हातात.

इतकं करून त्याचं पोट भरलं नाई. रात्री परत मेसेज, "भाऊ नाराज होऊ नका, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा, १०८८ टाका अन् पिन मारा, पैसे तुमच्या खात्यात." इथं मात्र मी थांबलो. यूपीआयचा पिन पैसे पाठवायलेच लागते, यायले पिन लागतच नाई, हे मले माहीत होतं. पण आमच्या गावातल्या एका नववीतल्या पोरानं हेच केलं, बापाच्या फोनवरून, अन् त्या खात्यात तुरीचे पैसे आलेले होते. पोरगा आजही घरात कोणाशी धड बोलत नाई. त्या क्यूआरवर नाव कोणत्यातरी परराज्यातल्या बाईचं होतं, अन् बोलणारा बोलायचा अस्सल वऱ्हाडी. असे खाते भाड्यानं घेतलेले असतात, मालकाले कधी पत्ता असते कधी नसते, म्हणून "नाव त दिसून रायलं ना" असं समजून निर्धास्त राहू नका.

पुढचं ऐका. काही दिवसांनी त्याच्याच दुसऱ्या चॅनलवर, "आयडी सेल" नावाचं, माझी आयडी विकायले लागलेली दिसली. नाव बदललं होतं पण लॉबीचा, म्हणजे मॅचच्या आधीच्या स्क्रीनचा, फोटो तोच, तीच टोपी, तोच बंडल म्हणजे कपड्यांचा सेट, अन् कोपऱ्यात यूआयडी अर्धवट झाकलेली. नाव बदलते, यूआयडी बदलत नाई. मी नवीन आयडी काढली, माझ्याच जुन्या यूआयडीले फ्रेंड रिक्वेस्ट टाकली. तीन-चार दिवसांनी ॲक्सेप्ट झाली. लॉबीत माइक लावून बोललो त समोर एक वाशीमकडचा कॉलेजचा पोरगा, म्हणे, "मी त १५०० देऊन घेतली भाऊ, मले काय माहीत चोरीची हाये." त्याच्यावर राग काढावा त काढू कसा. पुढच्या आठवड्यात त्याचंही लॉगिन गेलं. म्हणजे त्या हरामखोरानं एकच आयडी मले लुटून घेतली, त्याले विकली, अन् पासवर्ड रिकव्हर करून परत ओढली, आता तिसऱ्याले विकली असेल. तसंही आयडी विकणं-घेणं कंपनीच्या नियमात बसतच नाई, त कंपनीकडं जाऊन "मी विकत घेतली होती" असं सांगायची सोय पण राहत नाई.

पैसे गेले की पहिले १९३० ले फोन लावा, रडत बसू नका अन् त्या चोराले शिव्या देत बसू नका, तेवढ्या वेळात पैसा तीन खात्यांतून पुढं जाते. लवकर सांगितलं त मधातच अडकू शकते. फोन लागला नाई त सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकता येते. यूपीआयच्या हिस्ट्रीत बारा आकडी ट्रान्झॅक्शन नंबर असते, तो जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा, कारण समोरचा त्याच्या बाजूनं सगळं पुसून टाकते, माझ्या चॅटमधून त्यानं पुसलंच. पोरगा शाळेतला असेल त घरी सांगायचं भेव असते, ते मी समजतो, पण खातं बापाचं असते, बापाले सांगितल्याशिवाय तक्रार पुढं जात नाई.

आता स्वस्तात पुढं कसं जायचं ते सांगतो, कारण नुसतं "पैसे टाकू नका" म्हटलं त कोणी ऐकत नाई, मीपण ऐकलं नसतं. डायमंड घ्यायचेच असतील त गेमच्या आतून किंवा अधिकृत टॉप-अपवरून, अन् आतमध्येच स्वस्ताच्या गोष्टी असतात. वीकली मेंबरशिप घेतली त डायमंड रोज थोडे थोडे लॉगिन करून घ्यावे लागतात पण त्याच पैशात सरळ टॉप-अपपेक्षा लय जास्त पडतात. लेव्हल अप पास एका आयडीले एकदाच भेटते, लेव्हल वाढली की डायमंड येतात, नवीन पोरांनी पहिले तोच पाहावा. स्पेशल एअरड्रॉप, म्हणजे गेममधलीच स्वस्तातली ऑफर, कधी कधी १० किंवा २९ रुपयाले येते, तो सोडू नका, पण तो लॉबीत स्वतःहून येते, कोणी "तुझ्या आयडीत एअरड्रॉप आणून देतो" म्हणत असेल त तो खोटारडा. गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स नावाचं ॲप आहे, सर्व्हे भरले की प्ले स्टोअरच्या बॅलन्समध्ये चार-पाच रुपये, कधी जास्त पडतात, त्याच्यावर एअरड्रॉप निघते. हळू आहे, पण फुकट आहे.

बरेच कॅरेक्टर गोल्डवर घेता येतात, त गोल्ड फालतू स्पिनमध्ये उडवू नका. रिडीम कोड खरे असतात पण थोडाच वेळ चालतात अन् गरेनाच्या, म्हणजे गेमच्या कंपनीच्या, रिडीम साइटवरच टाकायचे. गेस्ट आयडीवर, म्हणजे कोणत्याच अकाउंटले न जोडलेल्या आयडीवर, ते चालत नाईत. कोणी फॉरवर्ड केलेल्या लिंकवर हुबेहूब तसंच पान उघडते अन् फेसबुकचा पासवर्ड मागते, तिथं टाकला की गेलं. आयडी गेस्ट ठेवूच नका, फोन रिसेट मारला की हात धुऊन बसा. गुगल किंवा फेसबुकले बाइंड करा म्हणजे जोडून ठेवा अन् त्या अकाउंटले टू-स्टेप लावून ठेवा.

अन् खेळाचं म्हणाल त स्किनवाल्याले घाबरू नका. गिल्डच्या (खेळणाऱ्यांच्या गटाच्या) कस्टम रूममध्ये, म्हणजे स्वतः नियम लावून बनवलेल्या मॅचमध्ये, बहुतेक वेळा गन प्रॉपर्टी ऑफच ठेवतात, तिथं लाखाची स्किन अन् साधी गन सारखीच. नवीन पोरगा मरते तो ग्लू वॉल, म्हणजे आडोशाची भिंत, उशिरा लावते म्हणून. आवाज आला की पहिले वॉल, मंग गोळी, पण आपण उलटं करतो. ट्रेनिंग ग्राउंडवर रोज थोडा वेळ नुसतं ग्लू वॉल लावणं अन् डेझर्ट ईगल पिस्तुलानं ड्रॅग हेडशॉट, म्हणजे बोट वर ओढून डोक्यात गोळी, करा, मंग क्लॅश स्क्वॉड, म्हणजे छोट्या टीमची मॅच, खेळा. आमच्याकडं रेंज संध्याकाळी शाळेच्या पटांगणातच धड येते, तिथं बसून पिंग, म्हणजे नेटचा उशीर, शंभरच्या खाली आला की पॉइंटवाली रँक मॅच लावतो, नाई त कॅज्युअल, कारण लॅगमध्ये रँक लावून पॉइंट घालवणं म्हणजे फुकटचा तोटा.

सध्या नवीन चालू आहे ते "ऑटो हेडशॉट फाइल". परवाच गिल्डमधल्या एकाले आली, एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायची ॲपची फाइल आहे, इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागते. हेडशॉटले एसएमएस कायले पाह्यजे, सांगा. त्या फोनमध्ये त्याच्या बापाचं बँकेचं सिम आहे, ओटीपी त्याच्यावरच येतात. अन् समजा फाइल खरी हॅकची निघाली तरी आयडी कायमची बॅन होते, फोनसुद्धा ब्लॅकलिस्ट होऊ शकते. त्यानं टाकली नाई, डिलीट मारली अन् पाठवणाऱ्याले ब्लॉक करून रिपोर्ट केलं. तुमाले आली असेल त तसंच करा, अन् टाकून झाली असेल त आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेले सांगून यूपीआय बंद करायले लावा, मंगच तो फोन रिसेट मारा.