कुत्र्याला उलट्या होतायत: सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच न्यायचं?

रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंनी विचारलं, "मोतीला दोनदा उलटी झालीय. थांबू की आत्ताच डॉक्टरकडे नेऊ?"

आधी वय आणि लसी बघा. लसी पूर्ण झालेला, पूर्ण वाढलेला आणि बाकी ठीक असलेला कुत्रा सहसा रात्र काढू शकतो. 6 आठवडे ते 6 महिन्यांच्या, लसी राहिलेल्या पिल्लाच्या बाबतीत थांबूच नका. त्याला पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार झालेला असू शकतो; त्यात उलट्यांबरोबर रक्ताचे, घाण वासाचे जुलाब होतात आणि अंगातलं पाणी झपाट्याने जातं.

खर्च? थांबलं की आज पैसे वाचतात, खरंय. पण वेळेवर लावलेलं सलाइन उशिराच्या चार-पाच दिवसांच्या उपचारांपेक्षा स्वस्तच पडतं.

मला खरी भीती वाटते ती पोटाची. पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काहीच पडत नाही, एका जागी बसत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत हा धोका जास्त. काही तासांत जीव जातो. घरगुती उपाय करत बसू नका.

थांबणार असाल तर पाणी थोडं थोडं द्या, हिरड्या बघत राहा. बोटाने दाबल्यावर गुलाबी रंग 2 सेकंदांत परतायला हवा. आपली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अजिबात नको.

मोती 4 वर्षांचा, लसी झालेला, शेपूट हलवतोय, पाणी पोटात टिकतंय: काकू, सकाळपर्यंत थांबा. पिल्लू, म्हातारा कुत्रा, रक्त, पांढुरक्या हिरड्या, फुगलेलं पोट, यातलं एक जरी असेल तर आत्ताच रिक्षा बोलवा.