दुखवट्याचा काळा रंग: बँकॉकमधील मोफत कपडे रंगवण्याची सेवा

थायलंडचे राजे भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात निवर्तले. सत्तर वर्षे तेच गादीवर असल्यामुळे कचेरीतल्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा लागू झाला, इतर अनेकांनी तो आपणहून धरला, आणि पाहता पाहता दुकानांतले काळे कपडे संपत आले, उरलेल्यांच्या किमती चढल्या. तेव्हा शहरात ठिकठिकाणी स्वयंसेवकांनी कपडे फुकट काळे करून देण्याची सोय केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अशाच एका मांडवाविषयी मी लिहीत आहे.

आपल्याकडे काळे नेसायचे ते संक्रांतीला आणि मर्तिकाला जाताना पांढरे, त्यामुळे माझ्याकडे काळे असे काही नव्हतेच. एक फिकट निळा सुती कुर्ता आणि मिश्र धाग्याची एक सलवार घेऊन मी रांगेत उभी राहिले. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात रंग उकळत होता, त्यात मुठीने मीठ पडत होते आणि कोपरापर्यंत हात काळे झालेल्या एक वयस्क बाई काठीने कपडे अखंड ढवळत होत्या, कारण हात थांबला की घड्यांमध्ये रंग डागाडागांनी बसतो. त्यांना सगळे ‘पा’, म्हणजे मोठी मावशी, म्हणत. माझ्या पुढच्या मुलीने पिवळा शर्ट पुढे केला. राजांचा जन्म सोमवारचा आणि तिथे सोमवारचा रंग पिवळा, म्हणून २००६ साली, त्यांच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली तेव्हा, देशभर लोक पिवळे शर्ट घालत. बाईंनी छातीवरचे राजचिन्ह पाहिले, शर्टाची नीट घडी घालून तो परत दिला आणि मुलीच्या बाहीला काळी फीत टाचली. मला रडू आवरले नाही.

कामाविषयी सांगायचे तर कुर्ता दाट, एकसारखा काळा झाला. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असल्यामुळे गळ्याची टीप तेवढी निळी राहिली. सलवार मात्र जांभळट राखाडी निघाली. कपडे घेतानाच कापड कोणते ते विचारले असते तर रंगही वाचला असता आणि त्या माणसांचे श्रमही. २२ ऑक्टोबरला सनाम लुआंग मैदानावर अफाट जनसमुदायाने राजगीत गायले, त्या गर्दीत घामाने माझ्या मानेला काळा रंग लागला. म्हणून कपडा अंगात घालण्याआधी गार पाण्यात दोनदा, तोही वेगळा, धुऊन घ्यावा. देऊ केलेले पैसे कोणीही घेतले नाहीत.

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी राजांवर अंत्यसंस्कार झाले, तोवर मी तो कुर्ता दर आठवड्याला घातला. कोपरांवर तो आता तांबूस पडला आहे. गळ्याची निळी टीप तशीच आहे.