बोहरी आळीची खरेदी आणि आमच्या घरचं चांदण्यातलं डोहाळेजेवण

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळेजेवण केलं, सातव्या महिन्यातलं, माहेरचं म्हणजे आमच्याकडचं, आणि सगळं डेकोरेशन घरीच हाताने केलं. सामान जवळजवळ सगळं पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलं. तिथल्या खरेदीबद्दल आणि कुठलं सामान टिकलं, कुठलं नाही याबद्दल लिहितेय, कारण आम्हाला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर एक फेरी वाचली असती.

आधी एका डेकोरेटरला विचारलं होतं, त्याने बारा हजार सांगितले आणि फोटो पाठवले ते सगळे एकसारखे, गोल रिंग, गुलाबी-निळे फुगे, मधे इंग्रजीत चमकणारी अक्षरं. छान होतं, पण त्यात आमच्या घरचं काहीच नव्हतं. आणि थीम ही काही आत्ताची गोष्ट नाही हो, नावेतलं, बागेतलं, झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं अशी डोहाळेजेवणं आपल्याकडे आज्यांच्या वेळेपासून चालत आलीत, डोहाळकरणीच्या हातात धनुष्यबाण दिलेले फोटो कितीतरी घरांच्या जुन्या अल्बममध्ये सापडतील. आजी म्हणाली, तुझ्या आईचं आम्ही गच्चीवर चांदण्यातलं केलं होतं, हिचंही तेच करा. झालं, ठरलं.

आता गच्ची नाही, फ्लॅटचा हॉल आहे, म्हणजे चांदणं आत आणायचं. मेट्रोने मंडईला उतरलो आणि तिथून चालत गेलो. गाडी नेऊच नका, दुचाकी लावायलासुद्धा जागा मिळत नाही आणि येताना हातात एवढं सामान असतं की गाडीवर बसणं अवघड. बोहरी आळीत कागद, पुठ्ठा, लेस, टिकल्या, मणी, पॅकिंगचं सामान सगळं ओळीने आहे, आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की वस्तू हातात घेऊन बघता येते, कागद किती जाड आहे, बेगडाचा रंग उजेडात सोनेरी दिसतो की पिवळा, हे फोनवर कळत नाही. एक लक्षात ठेवा, होलसेलच्या दुकानात एखादा नग देत नाहीत, पाकीटच घ्यावं लागतं, त्यामुळे यादी करून जा आणि शक्यतो जावेला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या, पाकीट वाटून घेता येतं. घासाघीस फारशी होत नाही, पण भाव मुळातच कमी वाटले. माणसं बोलायला बरी, एका काकांनी तर चंद्र करायचाय म्हटल्यावर आपणहून विचारलं किती फुटी, भिंतीला लावणार की टांगणार, आणि मग सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका पण ताठ बोर्ड, दाखवला.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून मखरालाही बरेच जण पुठ्ठा नाहीतर सनबोर्ड वापरतात. आम्ही ८ बाय ४ फुटांची पाच मिलिमीटर जाडीची शीट घेतली आणि तिथेच मधून कापून घेतली, नाहीतर ती मेट्रोत न्यायची कशी. एका तुकड्यावर खिळा आणि सुतळी घेऊन मोठा गोल काढला, मग खिळा नऊ-दहा इंच बाजूला सरकवून दुसरा गोल, दोन्हींच्या मधे जी राहते ती कोर. कटरने एका दमात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा, कड स्वच्छ येते. कोरीची टोकं लांब असल्याने वाकायला लागली, मग भावाने मागून लाकडी पट्ट्या लावल्या आणि चंद्र ताठ उभा राहिला.

मागच्या आकाशासाठी मी आजीची चंद्रकळा काढली होती, एवढी सुंदर काळी साडी, त्यावर चांदण्या काय खुलल्या असत्या! पण आईने सरळ सांगितलं की संक्रांत सोडून अशा कार्याला काळा चालणार नाही, आणि तिचं मन मोडायचं नव्हतं. मग आईच्याच दोन गडद निळ्या साड्या निऱ्या घालून पडद्याच्या दांडीला लावल्या. खरं सांगू, ते जास्त चांगलं दिसलं, कारण बहिणीची हिरवी साडी आणि हिरवा चुडा त्या निळ्यावर उठून आला.

चांदण्या चंदेरी कार्डशीटच्या, मोजून सत्तावीस. ही कल्पना आजीची. तिला अश्विनी ते रेवती सत्तावीस नक्षत्रं तोंडपाठ, ती एकेक म्हणत गेली आणि माझी भाची प्रत्येक चांदणीवर निळ्या पेनने नाव लिहीत गेली, तिला मृगशीर्ष लिहायला तीन चांदण्या लागल्या. रोहिणीची चांदणी चंद्राच्या अगदी जवळ लावायची असा आजीचा हुकूम, कारण ती चंद्राची लाडकी. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्या बायका आपापलं नक्षत्र शोधत होत्या, काकू हस्त सापडेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. फुग्यांपुढे कोणी इतका वेळ उभं राहिलं असतं असं मला नाही वाटत.

आणि बाजूच्या भिंतीवर नऊ चंद्र, बारीक कोरीपासून पौर्णिमेपर्यंत, नऊ महिन्यांचे. सातांना सोनेरी बेगड लावला, शेवटचे दोन पांढरे ठेवले. हे मला रात्री भांडी घासताना सुचलं आणि मी तशीच ओल्या हाताने बहिणीला फोन केला.

आता जे टिकलं नाही ते. चिकट पाठीची ग्लिटर फोमशीट घेतली होती, ती दुसऱ्या दिवशी कडेने सुटायला लागली, फेविकॉलनेही धरलं नाही, शेवटी ग्लू गननेच बसली. ग्लू गन घ्याच, छोटी ७ मिलिमीटरच्या कांडीवाली पुरते, पण लहान मुलांच्या हातात देऊ नका, गरम गोंद कातडीला चिकटून राहतो आणि चांगलंच भाजतं. डबल टेप भिंतीला लावू नका, आमच्या हॉलच्या रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा निघाला, त्यापेक्षा दांडीला नायलॉनचा दोरा बांधून टांगा. पतंगी कागदाची फुलं मात्र फार सुंदर झाली, नि स्वस्तातली. दिव्यांच्या माळा दोन घेतल्या, दुकानातच लावून बघितल्या म्हणून बरं, पहिली अर्धीच पेटत होती, त्यांनी काही न बोलता बदलून दिली. याआधी ऑनलाइन एक तयार पताका मागवली होती, ती घडी पडलेली आणि दोन अक्षरं कमी अशी आली, तेव्हा हा फरक फारच जाणवला.

सगळं मिळून साधारण दोन हजार नऊशे झाले, फुलं वेगळी. वाडीसाठी, म्हणजे फुलांच्या दागिन्यांसाठी, मोगऱ्याच्या कळ्या मंडईतून आदल्या संध्याकाळी आणल्या आणि ओल्या पंच्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, बाहेर राहिल्या तर रात्रीत उमलतात आणि मग मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा काही नीट ओवला जात नाही. आई, आजी, मावशी पहाटे पाचला ओवायला बसल्या होत्या.

बोहरी आळीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो गर्दीसाठी आणि एक नग न मिळण्यासाठी. बहिणीला गर्दीतून नेलं नाही, तिला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवले. पण गरोदर बाई बरोबर असेल तर सकाळी दुकानं उघडता उघडता जा, दुपारनंतर धक्के खात चालावं लागतं.

कार्यक्रमात दोन वाट्यांतून तिने उचलली त्यात बर्फी निघाली, सगळ्या ओरडल्या मुलगी मुलगी, आणि तिचे जे डोळे भरले ते बघून मलाही आवरलं नाही. जाताना तिने नऊही चंद्र सासरी नेले, बेडरूमच्या भिंतीवर लावलेत. परवा आठव्याला बेगड लावल्याचा फोटो आला. उरलेली चंदेरी कार्डशीट माझ्याकडे जपून ठेवलीय, बारशाच्या पाळण्यासाठी.