कारखान्यातील फिरती अंमली पदार्थ तपासणी सेवा: नमुना जपला जातो, माणसाची माहिती जपली जात नाही

रायगड जिल्ह्यातील ज्या रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा विभागात काम करतो, तेथे गेल्या वर्षापासून एका खासगी प्रयोगशाळेची फिरती अंमली पदार्थ तपासणी सेवा घेतली जाते. ठरलेल्या दिवशी सकाळच्या पाळीआधी प्रयोगशाळेची गाडी गेटवर येते, संगणकाने काढलेल्या यादीतील कामगारांना ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रात बोलावले जाते आणि लघवीचा नमुना घेऊन पहिली तपासणी तेथेच होते. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या त्रुटींपैकी काहींची जबाबदारी सेवा विकत घेणाऱ्या कारखान्यावरही येते. माझे मत आधीच सांगतो. नमुना घेण्याची पद्धत उत्तम आहे, प्रयोगशाळेचे काम समाधानकारक आहे, पण कामगाराची वैयक्तिक माहिती सांभाळण्याच्या बाबतीत ही सेवा इतकी सैल आहे की आजच्या स्वरूपात ती सरसकट सर्व कामगारांसाठी घ्यावी, असे मी कोणत्याही कारखान्याला सुचवणार नाही.

आपल्याकडे खासगी कारखान्यावर अशा तपासणीची सर्वसाधारण सक्ती करणारा कायदा नाही. विमान वाहतुकीचे तसे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार ३१ जानेवारी २०२२ पासून नियमित विमानसेवा देणाऱ्या कंपन्यांतील वैमानिक व कर्मचाऱ्यांची आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची दरवर्षी किमान १० टक्के या प्रमाणात अचानक तपासणी करावी लागते. आमच्याकडे ही तपासणी आली ती निर्यातीचा माल घेणाऱ्या एका परदेशी ग्राहकाच्या ऑडिटमुळे. गेटवरची खरी नेहमीची अडचण दारूची असते आणि ती ब्रेथ अॅनालायझरवर पुरेशी भागते. तरीही ज्या ठिकाणी एक व्हॉल्व्ह चुकीचा उघडला तर चार माणसे दगावू शकतात, तेथे गांजा किंवा गोळ्यांच्या नशेत कोणी कामावर येऊ नये ही अपेक्षा रास्त आहे, आणि तपासणीच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

नमुना घेण्याचे काम मी जवळून पाहिले आहे. स्वच्छतागृहातील नळ बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली जाते आणि कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकला जातो, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळण्याची सोय राहत नाही. कामगार आत एकटा जातो आणि दार लावून घेतो. कोणी त्याच्याकडे पाहत उभे राहत नाही, ही या सेवेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. कपाच्या बाहेरच्या बाजूला तापमान दाखवणारी पट्टी असते. नमुना हाती आल्यापासून चार मिनिटांच्या आत ती वाचायची आणि तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सियस असेल तरच नमुना ताजा मानायचा, असा नियम आहे व तो काटेकोर पाळला जातो. त्यानंतर कामगाराच्या डोळ्यांदेखत बाटलीवर सील लावून त्यावर त्याची सही घेतली जाते. कोणाला लगेच लघवी होत नसेल तर त्याला दटावत नाहीत, पाणी देऊन बाहेर बसवतात आणि तीन तासांपर्यंत वाट पाहतात. आमच्या गेटवर एरवी जी अरेरावी चालते ती पाहता या तंत्रज्ञांचे वागणे मनापासून कौतुक करण्यासारखे आहे.

पहिली तपासणी कपातच बसवलेल्या पट्ट्यांवर होते आणि त्या कशा वाचायच्या हे प्रत्येक कामगाराला माहीत असायला हवे. या पट्ट्यांवर रेघ उमटली तर पदार्थ ठरावीक मर्यादेच्या खाली आहे असा अर्थ होतो. रेघ उमटलीच नाही तर संशय. रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची असते. गांजासाठी ही मर्यादा एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम असते आणि संशयित नमुना पुष्टीसाठी प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, पुन्हा तपासताना ती १५ नॅनोग्रॅम धरतात. पट्टी मिळत्याजुळत्या रचनेच्या दुसऱ्या रेणूंनाही फसू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनमुळे अॅम्फेटामिन या उत्तेजक पदार्थाची रेघ नाहीशी होऊ शकते. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचा काही भाग शरीरातच मॉर्फिनमध्ये बदलतो आणि खसखशीत तर मॉर्फिनचा अंश मुळातच असतो. अमेरिकेत केंद्रीय नियमांखालील तपासणीत अफूजन्य पदार्थांची मर्यादा ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस खाणारी निर्दोष माणसे अडकू लागल्याने १९९८ मध्ये ती २००० करण्यात आली. बाजारात मात्र दोन्ही मर्यादांच्या पट्ट्या मिळतात आणि आमच्याकडे येणारा कप ३०० चा आहे. दिवाळीत घरोघरी अनारसे होतात आणि मटणाच्या वाटणात खसखस वर्षभर पडते, त्या प्रदेशात ३०० ची पट्टी वापरणे मला पटत नाही. कप बदलून मागता येतो, हे सेवा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरी एक मर्यादा तर कोणत्याही यंत्राने भरून निघणारी नाही. लघवीची तपासणी माणूस आत्ता नशेत आहे का हे सांगत नाही, तो पदार्थ मागे कधीतरी शरीरात गेला होता एवढेच सांगते. कोकेनचा अंश साधारण दोन ते चार दिवस सापडतो. गांजा एकदाच ओढणाऱ्याच्या लघवीत तो सुमारे तीन दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो. महाशिवरात्रीला गावी जाऊन भांग प्यायलेला माणूस आणि पाळीवर येताना गांजा ओढलेला माणूस यांचे अहवाल सारखेच दिसतात. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याची वेगळी बंधने आहेत, पण पट्टीला हा फरक कळत नाही. म्हणजे सुट्टीतील वागण्याचा हिशेब कामावर मागितला जातो. सेवेच्या माहितीपत्रकात मात्र ‘कामावरील नशा ओळखा’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. ते वाक्य दिशाभूल करणारे आहे आणि त्यांनी ते काढून टाकले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कप हातात देण्याआधी कामगाराकडून एक अर्ज भरून घेतला जातो, ज्यात नाव, विभाग आणि कंत्राटदाराचे नाव यांच्याखाली ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा रकाना आहे. रकान्यामागचा हेतू चांगला आहे, पट्टी औषधामुळे फसली तर ते आधीच कळावे. पण हा अर्ज तीन प्रतींत भरला जातो, त्यातील एक प्रत एचआरकडे आणि एक कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे जाते. जे लोक मानसिक आजाराची, फिट्सची, एचआयव्हीची किंवा वंध्यत्वाची औषधे घेत आहेत, त्यांना ती गोष्ट आपल्या मुकादमाच्या हाती लेखी द्यावी लागते, तीही तपासणीत काहीच सापडलेले नसताना. आमच्या पॅकिंग विभागातील एका बाईंनी डॉक्टरांनी लिहून दिलेली अल्प्राझोलमची गोळी प्रामाणिकपणे त्या रकान्यात लिहिली. त्यांच्या कपात बेंझोडायझेपिनची, म्हणजे ती गोळी ज्या औषधगटात मोडते त्याची, रेघ आली नाही, जे अपेक्षितच होते. टेबलापाशी रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर त्यांना विचारण्यात आले, “ताई, ही झोपेची गोळी कशासाठी घेता?” त्यांनी खाली मान घालून काहीतरी उत्तर दिले. पुढचे कित्येक दिवस विभागात त्या प्रश्नाची चर्चा होत राहिली आणि शेवटी त्यांनी पाळी बदलून घेतली. त्यांच्या हातून कसलीही चूक झालेली नव्हती.

माहितीपत्रकात ही सेवा ‘अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या पद्धतीनुसार’ चालते असे लिहिले आहे, म्हणून त्याच मापाने ती मोजणे योग्य होईल. त्या खात्याच्या नियमावलीच्या भाग ४० मध्ये औषधांची यादी मालकाकडे किंवा प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर लिहिण्याची मुभाच नाही. कामगाराला हवी असेल तर तो ती स्वतःजवळ राहणाऱ्या प्रतीच्या मागे आठवणीसाठी लिहू शकतो. प्रयोगशाळेचा अहवाल आधी एका स्वतंत्र डॉक्टरकडे जातो, तो डॉक्टर नमुना सदोष ठरल्यावर कामगाराशी खासगीत बोलतो, औषधाचा खुलासा पटला तर अहवाल निर्दोष म्हणून पाठवतो आणि मालकाला त्या औषधाविषयी विचारण्याची वेळच येत नाही. शिवाय त्या नियमांखाली किमान ४५ मिलिलिटर नमुना घेऊन त्याच्या ३० व १५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरतात आणि निकाल कळल्यापासून ७२ तासांत कामगार दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागू शकतो. आमच्याकडे बाटली एकच भरली जाते आणि स्वतंत्र डॉक्टर नाही. जागच्या जागी वाचायचा कप तर त्या नियमावलीत बसतच नाही, तेथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतीलच निकाल ग्राह्य असतो. निळे पाणी आणि तापमानाची पट्टी तेवढी तेथून घेतली, कामगाराच्या संरक्षणासाठी असलेला भाग मात्र मागेच ठेवला.

कपाच्या वेगाचे विक्रेते फार कौतुक करतात, पण तो वेगच खासगीपणाच्या आड येतो. पाच मिनिटांत निकाल लागतो आणि ज्याची रेघ आली नाही त्याला पाळीवर सोडत नाहीत. सोबतचे दहाजण आत गेले आणि एकटा बाकावर बसून राहिला, तर तो का बसला आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. पुष्टीचा अहवाल दोन-तीन दिवसांनी निर्दोष आला तरी तोवर गावात बातमी पोहोचलेली असते. त्यातून प्रयोगशाळेचा प्रतिनिधी त्या दिवसाच्या यादीचा फोटो काढून सुपरवायझरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत असे, ज्यात नावांपुढे लाल आणि हिरव्या खुणा होत्या. आमच्या विभागाने लेखी हरकत घेतल्यावर हे थांबले.

याचा सर्वाधिक फटका कंत्राटी कामगारांना बसतो. कायम कामगारावर कारवाई करायची तर आरोपपत्र, चौकशी आणि युनियन हे सगळे टप्पे असतात. कंत्राटी माणसाला दुसऱ्या दिवशी फक्त “उद्यापासून येऊ नकोस” एवढे सांगितले की संपते, आणि पुष्टीच्या अहवालाची वाट पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. तपासणीच्या यादीत सर्वाधिक नावे त्यांचीच असतात हे मी पाहत आलो आहे.

कायद्याचा आधार शोधायला गेले तर हाती थोडेच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, पण तो मुख्यतः शासनाविरुद्ध वापरता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्यविषयक नोंदींना संवेदनशील माहिती म्हटले आणि ती घेण्यासाठी लेखी संमती आवश्यक केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीचा असा वेगळा वर्गच नाही आणि त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवलेली आहे. आमच्या अर्जाच्या तळाशी संमतीची एक ओळ आहे खरी, पण ती इंग्रजीत आहे आणि रांगेत उभे राहून, मागून घाई होत असताना, त्यावर सही करणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक कितपत असते हे कोणीही ओळखू शकेल. म्हणूनच जे संरक्षण कायदा देत नाही ते करारात लिहून घेणे हे सेवा विकत घेणाऱ्याचे काम ठरते.

कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी आम्ही आमच्या अटी प्रयोगशाळेसमोर ठेवल्या. औषधांचा रकाना अर्जातून काढायला ती तयार झाली. संमतीपत्र मराठीत व हिंदीत छापून आदल्या दिवशी वाटणे आणि अफूची पट्टी २००० च्या मर्यादेची वापरणे, हेही मान्य झाले. नावांऐवजी क्रमांक वापरून निकाल फक्त कारखान्याच्या डॉक्टरांकडे बंद पाकिटात द्यायचा, असे ठरले आहे. झोपेच्या व मानसिक आजाराच्या औषधांची पॅनेल, म्हणजे त्या पदार्थांच्या तपासण्या, यंत्रे चालवणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवावीत, ही मागणी अजून चर्चेत आहे, कारण दर पॅनेलच्या संख्येवर ठरतो आणि पॅनेल कमी केली की त्यांचे उत्पन्न घटते. दुसऱ्या बाटलीला मात्र त्यांनी साफ नकार दिला. शीतपेटीतील जागा आणि वाहतुकीचा खर्च ही कारणे देण्यात आली. माझ्या दृष्टीने ही अट सोडण्यासारखी नाही. एकाच बाटलीवर माणसाची नोकरी जाणार असेल आणि ती बाटली पुन्हा तपासून घेण्याचा मार्ग त्याच्याकडे नसेल, तर सील कितीही नीट लावले तरी त्याचा त्याला उपयोग नाही.

तूर्तास ही सेवा आम्ही क्रेन, फोर्कलिफ्ट आणि रिअॅक्टर चालवणाऱ्यांपुरती चालू ठेवली आहे. पॅकिंग, कॅन्टीन आणि सफाई विभाग त्यातून वगळले आहेत. दुसऱ्या बाटलीची अट मान्य करणाऱ्या अन्य प्रयोगशाळांकडून दर मागवले आहेत, आणि तोवर पुष्टीचा अहवाल हाती येईपर्यंत कंत्राटी कामगाराची हजेरी भरपगारी धरण्याचे व्यवस्थापनाने लेखी मान्य केले आहे.