फ्युएल लिड: क्रोम कव्हर की व्हिनाइल रॅप?

पेट्रोलच्या टाकीचं झाकण सजवायचं तर आपल्याकडे दोन स्वस्त मार्ग आहेत: वरून चिकटवायचं क्रोम कव्हर किंवा व्हिनाइलचा रॅप, म्हणजे झाकणावर चिकटवायची पातळ प्लास्टिकची फिल्म.

क्रोम कव्हर म्हणजे बहुतेक वेळा एबीएस प्लास्टिकवर चढवलेला मुलामा. मागे दुहेरी टेप असते, त्यामुळे बसवणं सोपं: झाकण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडं होऊ द्या, दाबून चिकटवा आणि निदान एक दिवस गाडी धुऊ नका. खरी अडचण पुढे येते. कव्हरमुळे झाकणाची जाडी वाढते. कडा बॉडीला घासली की तिथला रंग उडतो, म्हणून बसवण्याआधी चारही बाजूंची फट तपासाच. कव्हर आणि झाकणाच्या मध्ये धूळ-पाणी अडकतं ते वेगळंच. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर स्वस्त मुलामा फार टिकत नाही. आधी बारीक फोड येतात, मग पापुद्रे सुटतात.

रॅपमध्ये जाडी जवळपास वाढतच नाही. हीट गनने ऊब देऊन व्हिनाइल ताणायचं आणि कडा आत दुमडायच्या. या दुमडलेल्या कडेवरच सगळं अवलंबून आहे: ती आखूड कापली तर पहिल्याच पावसाळ्यात सुटायला लागते. काम बरं झालं असेल तर कंटाळा आल्यावर ऊब देऊन सोलता येतं, खालचा कंपनीचा रंग शाबूत राहतो.

माझं मत रॅपकडे, तेही मॅट काळ्या. पांढऱ्या किंवा लाल गाडीवर तो फार देखणा दिसतो. कव्हरच हवं असेल तर आपल्याच मॉडेलच्या मापाचं घ्या.