मोटॅबिलिटीची गाडी: हिशेब, मोजमाप आणि शेजाऱ्यांची नजर

‘दिव्यांगांना सरकार नवीकोरी गाडी फुकट देतं.’ ब्रिटनमधल्या मराठी मंडळींतही हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. मोटॅबिलिटी ही गाडी भाड्याने देणारी सेवा आहे. त्या भाड्यापोटी दिव्यांग माणूस आपला प्रवासभत्ता सोडून देतो. २०२५-२६ मध्ये हा भत्ता आठवड्याला ७७.०५ पौंड होता, म्हणजे दर चार आठवड्यांनी ३०८.२० पौंड. दर तोच धरला तर तीन वर्षांच्या करारात बारा हजार पौंड होतात. हे पैसे बँकेत न येता थेट मोटॅबिलिटी ऑपरेशन्स या कंपनीकडे जातात. करार संपला की गाडीही परत जाते. ज्याला गाडी नको, त्याने तेच पैसे टॅक्सीवर खर्च करावेत. कोणी अडवत नाही.

ही कंपनी सरकारी खातं नाही. बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स आणि नॅटवेस्ट या बँका तिच्या मालक आहेत, पण त्या नफा काढून घेत नाहीत, तो पुन्हा योजनेतच जातो. १९७७ साली योजना सुरू झाली. त्याआधी सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाची तीनचाकी ‘इनव्हाकार’ देत असे. तिच्यात एकच सीट. नवऱ्याने चालवायची, तर बायको-मुलांनी बसने जायचं. २००३ च्या मार्चअखेर त्या गाड्यांना रस्त्यावर बंदी आली. आज आठ लाखांहून जास्त लोक कुटुंबासकट बसता येईल अशी साधी गाडी वापरतात, आणि माझ्या मते या योजनेचं सर्वांत मोठं यश हेच आहे.

सेवा म्हणून पाहिलं तर पैसे वसूल होतात. भाड्यात विमा, सर्व्हिसिंग, दुरुस्ती, टायर आणि रस्त्यात बंद पडल्यास मदत हे सगळं येतं. टायर क्विक फिटकडे, मदत आरएसीकडे. पेट्रोल किंवा चार्जिंग आपलं. खऱ्या अर्थाने मोलाचा आहे तो विमा. स्ट्रोक, एपिलेप्सी किंवा पाय गमावलेल्या माणसाला खुल्या बाजारात विम्याचे जे दर ऐकावे लागतात, ते या करारात ऐकावे लागत नाहीत. ग्राहकाला स्वतः गाडी चालवता येत नसेल तरी चालतं. मुलगा, सून, शेजारी, मदतनीस अशी नावं चालक म्हणून टाकता येतात. मात्र हे चालक साधारण पाच मैलांच्या आत राहणारे हवेत आणि गाडीचा उपयोग त्या दिव्यांग माणसाच्या भल्यासाठीच व्हायला हवा. दुसऱ्या शहरात शिकणाऱ्या मुलाने ती रोज कॉलेजला नेली तर करार मोडतो, गाडी काढून घेतली जाते. या बाबतीत कंपनी कडक आहे आणि तशी असायलाच हवी, कारण असा एक प्रकार पेपरात आला की बदनामी बाकीच्या सगळ्यांची होते.

खरं घोडं पेंड खातं ते आधीच्या पायरीवर. गाडी मिळण्यासाठी पीआयपी या दिव्यांगांच्या सरकारी भत्त्याच्या प्रवास भागाचा वरचा दर लागतो (लहान मुलांना डीएलए या त्यांच्यासाठीच्या तशाच भत्त्याचा वरचा दर, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, स्कॉटलंडमध्ये याच धर्तीचे वेगळे भत्ते आहेत), आणि तो किमान बारा महिने शिल्लक असावा लागतो. खालच्या दरावर (२०२५-२६ मध्ये तो आठवड्याला २९.२० पौंड होता) गाडी मिळत नाही. वरच्या दरासाठी १२ गुण हवेत. ते दोन वाटांनी येतात. पहिली वाट चालण्याची: उभं राहून २० मीटरपेक्षा जास्त चालता येत नाही. दुसरी वाट प्रवासाची: ओळखीच्या रस्त्यानेसुद्धा सोबत कोणी असल्याशिवाय जाता येत नाही. अंध माणसं आणि ऑटिझम असलेली अनेक तरुण मुलं या दुसऱ्या वाटेने पात्र ठरतात.

फॉर्ममध्ये बहुतेक जण एकच चूक करतात. ‘किती चालता?’ या प्रश्नाला ते त्यांच्या सर्वांत बऱ्या दिवसाचं उत्तर देतात. आपल्याकडे तर दुखणं सांगायची लाज वाटते, ‘जमतं हो, हळूहळू जाते’ असं लिहिलं जातं. नियम असा आहे की ती कृती सुरक्षितपणे, ठीकठाक, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आली पाहिजे. वाजवी म्हणजे इतरांना लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ नको. अंगणात २० मीटरच्या खुणा करा. चालून पाहा, वेळ लिहा, कुठे थांबावं लागलं ते लिहा, आणि लगेच पुन्हा तेवढंच चालता येतं का तेही लिहा. ‘३० मीटर चालते’ आणि ‘३० मीटर चालते, मग अर्धा तास भिंतीला टेकून बसावं लागतं’ या दोन उत्तरांत अख्ख्या गाडीचा फरक आहे.

आता शेजाऱ्यांच्या नजरेबद्दल. बाई गाडीतून उतरते, सरळ चालत दुकानात शिरते, आणि समोरचा मनात निकाल देऊन मोकळा होतो: हिला काय झालंय? पण त्याने पाहिलेले असतात जेमतेम पंधरा मीटर, तेही एकदाच, गोळी घेतल्यानंतरचे. नियम ज्या गोष्टीबद्दल बोलतो ती त्याला दिसणारच नसते. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा. महागड्या गाड्यांवरून जो गदारोळ झाला त्याचंही तसंच. भत्त्यात न बसणारी गाडी हवी असेल तर फरकाची रक्कम ग्राहक आगाऊ, पदरचीच भरतो आणि ती परत मिळत नाही. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस आणि अल्फा रोमिओ योजनेतून काढल्या गेल्या. पाठोपाठ आलेल्या अर्थसंकल्पाने जुलै २०२६ पासूनच्या नव्या करारांत या आगाऊ रकमेवर २० टक्के व्हॅट आणि विम्यावर १२ टक्के कर लावायचं ठरवलं. व्हीलचेअरसाठी खास बनवलेल्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. महागड्या नावांवर कोणाचा राग असेल तर असो, पण या कराची झळ मर्सिडीजवाल्यापेक्षा जास्त लागेल ती लांब पायांसाठी किंवा मोठ्या डिकीसाठी जरा मोठी गाडी घेणाऱ्याला.

गाडी निवडताना घरूनच व्हीलचेअर घेऊन डीलरकडे जा, नुसती मापं नेऊ नका. घडी केलेली खुर्ची डिकीत बसते, पण डिकीच्या तोंडाचा उंबरा मांडीइतका उंच असेल तर ती रोज उचलणार कोण? तिथे विजेवर चालणारा उचलयंत्राचा हात बसवता येतो. त्याची वजनमर्यादा पाहा, आणि खुर्चीचं वजन बॅटरीसकट करा. दार किती उघडतं तेही बघा. खुर्चीतून फळीवरून सरकून सीटवर बसणाऱ्यासाठी सीट आणि खुर्ची यांची उंची जुळली पाहिजे. त्यामुळे चढायला सोपी म्हणून घेतलेली उंच एसयूव्ही इथे नेमकी गैरसोयीची ठरते.

हाताने चालवायची गाडी ऑटोमॅटिकच घ्यावी लागते. स्टीअरिंगजवळ एक दांडा येतो: पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. दुसरा हात स्टीअरिंगवरच्या गोट्यावर. उजवा पाय निकामी असेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर मिळतो. तो दुमडता येणारा घ्या, म्हणजे घरातल्या इतरांना मूळ पेडल वापरता येतं. असे बरेच बदल ऑर्डरच्या वेळीच सांगितले तर वेगळे पैसे पडत नाहीत. मागाहून सुचलं की खर्च आपला. डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या खात्याला कळवून लायसन्सवर नोंद करून घ्यायला विसरू नका.

खुर्चीतच बसून प्रवास करायचा असेल तर वॅव्ह, म्हणजे रॅम्पवाली गाडी. तिचा करार पाच वर्षांचा असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजा, हिवाळ्यातल्या टोपीसकट, आणि खुर्ची गाडीला बांधून ठेवणाऱ्या चार पट्ट्या नेमक्या कुठे अडकवायच्या ते स्वतः करून पाहा. मागून रॅम्प असेल तर मागे मोकळी जागा लागते. कोणी बंपरला बंपर लावून गाडी उभी केली की खुर्चीतला माणूस आत अडकतो. आगाऊ रक्कम झेपत नसेल तर मोटॅबिलिटी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेकडे अर्ज करता येतो. ते उत्पन्न पाहून मदत करतात.

आई-बाबांसाठी विचारणारे पुष्कळ असतात. स्टेट पेन्शनच्या वयानंतर पीआयपीचा नवा अर्ज करता येत नाही, आणि त्या वयाला जो अटेंडन्स अलाउन्स मिळतो त्यात प्रवासभाग नाही, म्हणजे गाडीही नाही. वर्क व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’ असा शिक्का असेल तर पीआयपीच मिळत नाही. ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांचा पार्किंग परवाना, मात्र वेगळा. तो कौन्सिल देते, इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त दहा पौंडांत, आणि तो गाडीचा नसून माणसाचा असतो, कोणाच्याही गाडीत चालतो.

फेरतपासणीत भत्ता गेला तर गाडी परत द्यावी लागते, साधारण आठ आठवड्यांची मुदत मिळते. योजनेतला सर्वांत क्रूर भाग हाच आहे, कारण अपिलाचा निकाल लागायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि सुनावणीपर्यंत गेलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक जिंकतात. मधल्या काळात नोकरीवर जायचं कसं? म्हणून निर्णयाचं पत्र आलं की त्यावरची तारीख पाहा, एका महिन्याच्या आत फेरविचाराचा लेखी अर्ज टाका, त्याची प्रत ठेवा आणि त्याच दिवशी मोटॅबिलिटीला फोन करून अर्ज केल्याचं सांगा.